विश्लेषण : एका कमांडने ३०० जीबी डेटा कसा पुसला गेला? सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या कोणत्या सवयी तो वाचवू शकतात?

जगभरातील प्रोग्रामर आपला कोड ज्या ‘गिटलॅब डॉट कॉम’वर ठेवतात, त्या सेवेचा डेटाबेस ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री एका चुकीच्या कमांडमुळे जवळपास संपूर्ण पुसला गेला. कोणी हॅकर घुसला नव्हता, यंत्रही बिघडले नव्हते. दमलेल्या एका अभियंत्याने योग्य कमांड चुकीच्या सर्व्हरवर दिली, इतकेच. त्यानंतर एकामागोमाग एक बॅकअप तपासले गेले, तेव्हा ऐन वेळी उपयोगी पडेल असा एकही नियमित बॅकअप हाती लागला नाही. बँकेच्या अॅपपासून निकालाच्या संकेतस्थळापर्यंत बहुतेक सेवा आज लिनक्स किंवा युनिक्सच्या घराण्यातील सर्व्हरवर चालतात. पुणे-मुंबईच्या आयटी कंपन्यांत रात्रपाळीला बसणारे हजारो तरुण याच काळ्या पडद्यासमोर काम करतात. त्यांच्या हातून अशी चूक होऊ नये यासाठी काय करता येते, आणि झालीच तर काय वाचवते?

(या लेखात कमांडची नावे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. प्रत्यक्षात ती रोमन लिपीतील लहान अक्षरांत टाइप करायची असतात.)

गिटलॅबमध्ये नेमके काय घडले?

गिटलॅबकडे डेटाबेसचे दोन सर्व्हर होते. एक मुख्य आणि दुसरा त्याची सतत प्रत घेणारा दुय्यम. त्या दिवशी डेटाबेसवर अचानक ताण वाढला आणि दुय्यम सर्व्हर मागे पडून प्रत घेणे थांबले. ते पुन्हा सुरू करण्यासाठी अभियंत्याने नवी प्रत घेणारी कमांड दिली. ती कमांड पडद्यावर काहीही न सांगता नुसती थांबून राहिली. मुख्य सर्व्हरकडून डेटा येण्याची ती मुकाट वाट पाहत होती. पण दुय्यम सर्व्हरवरील डेटाचा फोल्डर रिकामा नसल्याने ती अडली असावी, असा अभियंत्याचा समज झाला. म्हणून त्याने तो फोल्डर काढून टाकण्याची कमांड दिली, ‘आरएम -आरएफ’. मात्र ती ज्या खिडकीत दिली, ती मुख्य सर्व्हरची होती.

एक-दोन सेकंदांत चूक लक्षात आली आणि कमांड थांबवली गेली. तोपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम साडेचार जीबी उरला होता. भारतात तेव्हा १ फेब्रुवारीची पहाट होती. लोकांचा मूळ कोड वेगळ्या ठिकाणी असल्याने तो सुरक्षित राहिला. पण प्रकल्पांच्या नोंदी, शेरे आणि वापरकर्त्यांची खाती या डेटाबेसमध्ये होती.

युनिक्स ‘खात्री आहे का?’ असे का विचारत नाही?

विंडोजमध्ये फाइल डिलीट केली की ती आधी रिसायकल बिनमध्ये जाते. युनिक्सच्या कमांडमध्ये अशी मधली पायरी नाही. त्याचे कारण युनिक्सच्या जन्मकाळात आहे. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी या प्रणालीची सुरुवात केली, तेव्हा समोर पडदा नव्हे तर टेलिटाइप यंत्र असे. प्रत्येक ओळ कागदावर संथपणे छापली जाई. त्यामुळे कमांडची नावे दोन-दोन अक्षरांची झाली: कॉपीसाठी सीपी, हलवण्यासाठी एमव्ही, काढून टाकण्यासाठी आरएम. काम नीट झाले तर गप्प राहायचे आणि अडचण आली तरच बोलायचे, हा शिरस्ताही तेव्हाच पडला.

पुढे १९७३ च्या सुमारास ‘पाइप’ची सोय आली. एका कमांडचे उत्तर थेट दुसऱ्या कमांडला पुरवता येऊ लागले. मधल्या कमांडने ‘काम झाले’ असे काही बोलून दाखवले, तर ती बडबड पुढच्या कमांडच्या डेटात मिसळेल. म्हणून मौन हा गुण ठरला. छोट्या, गप्प आणि एकमेकांना जोडता येणाऱ्या कमांड हीच युनिक्सची ताकद आहे. मात्र त्यात एक गृहीतक दडलेले आहे: कमांड देणाऱ्याला आपण काय करत आहोत ते ठाऊक आहे. ‘आरएम’पुढचा ‘आर’ म्हणजे आतले सगळे फोल्डर धरून आणि ‘एफ’ म्हणजे विचारपूस न करता. ही दोन अक्षरे लावली की उरलासुरला प्रश्नही संपतो. त्यातही ‘रूट’ या सर्वाधिकारी वापरकर्त्याने कमांड दिली असेल, तर अडवणारे फारसे कोणी राहत नाही.

पुसलेली फाइल जाते कुठे?

युनिक्समध्ये फाइलचे नाव आणि फाइलचा मजकूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाव फोल्डरच्या यादीत असते. मजकूर डिस्कवर कुठे आहे ही माहिती ‘आयनोड’ या नोंदीत असते. ‘आरएम’ फक्त यादीतील नाव काढते. त्या आयनोडकडे बोट दाखवणारे एकही नाव उरले नाही आणि कोणताही प्रोग्राम ती फाइल उघडून बसलेला नसेल, तरच ती जागा मोकळी समजली जाते. त्यानंतर तिथे नवा मजकूर केव्हाही लिहिला जाऊ शकतो. म्हणूनच पुसलेली फाइल परत मिळण्याची आशा ठेवून चालत नाही.

यातून एक नेहमीचा घोळ उद्भवतो. रात्री तीन वाजता ‘डिस्क भरली’ असा इशारा येतो. ड्युटीवरचा अभियंता सर्वांत मोठी लॉग फाइल शोधून काढून टाकतो. तरीही डिस्क भरलेलीच दिसते. मग तो घाईत आणखी फाइल पुसू लागतो आणि नको त्या फाइलवर हात पडतो. प्रत्यक्षात पहिली फाइल एखाद्या चालू प्रोग्रामने उघडून ठेवलेली असते, त्यामुळे नाव गेले तरी जागा अडलेलीच राहते. ‘डीएफ’ ही कमांड डिस्कचा एकूण हिशेब सांगते, तर ‘डीयू’ नाव असलेल्या फाइलची बेरीज करते. दोघींच्या आकड्यांत मोठी तफावत दिसली, तर पहिला संशय याच कारणावर घ्यावा. ‘एलएसओएफ’ कमांड ती फाइल कोणी धरून ठेवली आहे ते दाखवते. तो प्रोग्राम रीस्टार्ट केला की जागा सुटते. डिस्कमध्ये जागा दिसत असूनही नवी फाइल तयार होत नसेल, तर ‘डीएफ -आय’ देऊन आयनोड संपले आहेत का ते पाहावे. लाखो बारीकसारीक फाइल साठल्या की असे होते.

स्क्रिप्टमध्ये हीच चूक कशी होते?

रोजच्या कमांड एका फाइलमध्ये ओळीने लिहून ठेवल्या की ती झाली शेल स्क्रिप्ट. माणसाचे कष्ट वाचतात. पण माणूस एन्टर दाबण्याआधी जो क्षणभर थबकतो, तो क्षणही जातो. जानेवारी २०१५ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीच्या ‘स्टीम’ या गेमिंग सॉफ्टवेअरच्या लिनक्स आवृत्तीत याचे ठळक उदाहरण समोर आले. त्यातील एक स्क्रिप्ट स्टीमच्या फोल्डरचा पत्ता शोधून एका व्हेरिएबलमध्ये ठेवत असे आणि नंतर ‘त्या पत्त्याखालील सर्व काही काढा’ अशी कमांड देत असे. विशिष्ट परिस्थितीत पत्ता सापडलाच नाही. व्हेरिएबल रिकामे राहिले. ‘पत्ता, तिरपी रेघ, तारांकन’ या तिघांतील पत्ता गळाला आणि उरले ‘तिरपी रेघ, तारांकन’. युनिक्सच्या भाषेत त्याचा अर्थ ‘या संगणकावरील सर्व काही’. वापरकर्त्याच्या फाइल तर गेल्याच, जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवरील फाइलही गेल्या. त्या ओळीच्या वर ‘हे भीतीदायक आहे’ अशा अर्थाचा इंग्रजी शेरा स्क्रिप्ट लिहिणाऱ्यानेच मारून ठेवला होता. पुढे कंपनीने ही चूक दुरुस्त केली.

लिनक्समधील ‘आरएम’ नुसत्या तिरप्या रेघेवर, म्हणजे मुळावरच, चालवायचा प्रयत्न केला तर नकार देते. मग इथे तो नकार का आला नाही? कारण तारांकनाचा अर्थ ‘आरएम’ लावत नाही, तो शेल लावते. शेलने आधीच मुळाखालच्या सगळ्या फोल्डरची यादी करून ती ‘आरएम’च्या हाती दिली. ‘आरएम’ला मूळ दिसलेच नाही, दिसले ते एकेक फोल्डर.

स्क्रिप्ट लिहिताना कोणती काळजी घ्यावी?

बॅश शेलमध्ये चूक झाली तरी स्क्रिप्ट पुढची ओळ चालवत राहते. ‘या फोल्डरमध्ये जा’ ही ओळ फसली आणि पुढची ओळ ‘सगळे काढा’ अशी असेल, तर स्क्रिप्ट जिथे आहे तिथलेच सगळे काढते. म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच ‘सेट’ कमांडने तीन बंधने घालण्याची पद्धत आहे. ‘-ई’ म्हणजे एखादी कमांड अपयशी ठरली की तिथेच थांब. ‘-यू’ म्हणजे मूल्य न दिलेले व्हेरिएबल वापरले तर थांब. ‘-ओ पाइपफेल’ म्हणजे पाइपमधील कोणतीही एक कडी फसली, तरी सगळा पाइप फसला असे समज.

ही बंधने पुरेशी आहेत असे मात्र नाही. ‘-ई’ला अपवाद बरेच आहेत, उदाहरणार्थ ‘इफ’च्या अटीत दिलेली कमांड फसली तर स्क्रिप्ट थांबत नाही. ‘-यू’ला व्हेरिएबल ठरवलेच नसेल तर कळते, पण ठरवून रिकामे राहिले असेल तर ते हरकत घेत नाही. स्टीमच्या बाबतीत नेमके तसेच झाले होते. त्यावर उपाय म्हणजे पुसण्याच्या ओळीत व्हेरिएबलचे नाव महिरपी कंसात लिहून, कंसाच्या आतच नावापुढे कोलन आणि प्रश्नचिन्ह देणे. मूल्य नसेल किंवा रिकामे असेल, तर दोन्ही वेळा शेल ती कमांड चालवतच नाही. दोन खुणांची ही तटबंदी पुसणाऱ्या प्रत्येक ओळीत असायला हवी.

दुसरी काळजी अवतरणचिन्हांची. ‘जुने बिल’ असे नाव असलेल्या फाइलचा पत्ता व्हेरिएबलमध्ये असेल आणि तो अवतरणचिन्हांशिवाय वापरला, तर शेल मधल्या जागेवर त्याचे दोन तुकडे करते. मग ‘जुने’ नावाची आणि ‘बिल’ नावाची अशा दोन फाइल काढण्याचा प्रयत्न होतो. त्या नावाचे काही खरेच असेल, तर ते जाते. म्हणून व्हेरिएबल नेहमी दुहेरी अवतरणात ठेवावे. ‘शेलचेक’ हे मोफत साधन अशा चुका स्क्रिप्ट चालवण्याआधीच दाखवून देते. रिकाम्या व्हेरिएबलपुढे तिरपी रेघ येण्याचा धोकाही ते ओळखते.

कमांड देण्यापूर्वीच्या सवयी कोणत्या?

पहिली सवय म्हणजे आपण कुठे आहोत ते पाहणे. ‘होस्टनेम’ सर्व्हरचे नाव सांगते, ‘पीडब्ल्यूडी’ चालू फोल्डर सांगते आणि ‘हूअॅमआय’ कोणत्या नावाने आपण आत आहोत ते सांगते. तिन्हींना मिळून पाच सेकंद लागतात. गिटलॅबने नंतर केलेल्या सुधारणांमध्ये सर्व्हरच्या प्रॉम्प्टमधील बदलाचा समावेश होता: कोणता सर्व्हर आणि कोणते काम हे नजरेला लगेच वेगळे कळावे. अनेक ठिकाणी प्रत्यक्ष सेवेच्या सर्व्हरचा प्रॉम्प्ट लाल आणि चाचणीच्या सर्व्हरचा हिरवा ठेवतात.

दुसरी सवय म्हणजे पुसण्याआधी पाहणे. जो पत्ता आणि तारांकन ‘आरएम’ला द्यायचे आहे, तेच आधी ‘एलएस’ला द्यावे. पडद्यावर आलेली यादी वाचावी आणि मगच त्याच ओळीतील ‘एलएस’च्या जागी ‘आरएम’ लिहावे. ‘फाइंड’ कमांडने जुन्या फाइल काढायच्या असतील, तर आधी ‘-डिलीट’शिवाय चालवून नुसती यादी पाहावी. दोन फोल्डर जुळवणाऱ्या ‘आरसिंक’ला ‘-एन’ दिले की ती काय करेल एवढेच सांगते, प्रत्यक्षात काही करत नाही. ‘आरसिंक’मध्ये मूळ फोल्डरच्या नावाशेवटी तिरपी रेघ आहे की नाही याने अर्थ बदलतो. रेघ असेल तर आतला ऐवज जातो, नसेल तर फोल्डरच जातो. त्यासोबत ‘--डिलीट’ लावले असेल, तर या एका रेघेची किंमत मोठी असते.

तिसरी सवय म्हणजे पुसण्याऐवजी हलवणे. नको असलेला फोल्डर ‘एमव्ही’ने त्याच डिस्कवर तारखेचे नाव देऊन बाजूला ठेवावा. फक्त नाव बदलायचे असल्याने हे काम क्षणात होते. आठवडाभर कोणाची तक्रार आली नाही, की मग काढावा. गिटलॅबच्या त्या रात्री हा मार्ग धरला असता, तर फोल्डर परत जागेवर आणायला एक कमांड पुरली असती.

चौथी सवय म्हणजे रूट म्हणून बसून न राहणे. गरज असेल तेव्हाच ‘सुडो’ लावून एकेक कमांड द्यावी. त्यामुळे कोणी, केव्हा, काय केले याची नोंद राहते आणि तो शब्द टाइप करताना हात किंचित थांबतो.

बॅकअप होते, मग उपयोगी का पडले नाहीत?

गिटलॅबमध्ये डेटाबेसची रोज प्रत घेण्याची व्यवस्था होती. पण डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि प्रत घेणारे साधन ९.२ चे, अशी विजोड जोडी चालत होती. त्यामुळे ते काम रोज अपयशी ठरत होते. अपयशाचे ई-मेल पाठवले जात होते, मात्र मेल तपासणीच्या नियमांत न बसल्याने ते नाकारले जात होते. बॅकअप ठेवण्याची क्लाउडमधील जागा रिकामी निघाली. ठरलेल्या वेळी आपोआप काम करणाऱ्या ‘क्रॉन’च्या भरवशावर असलेल्या कोणत्याही ठिकाणी हे घडू शकते. क्रॉनमधून चालणाऱ्या स्क्रिप्टला माणसाच्या लॉगिनमधील सगळे वातावरण मिळत नाही. हाताने चालवली तर चालते आणि रात्री फसते, ही तक्रार म्हणूनच इतकी परिचयाची आहे. स्क्रिप्टमध्ये कमांडचा पूर्ण पत्ता लिहिला की यातील बरेच प्रसंग टळतात.

पाइपमध्ये आणखी एक सापळा आहे. ‘डेटाबेसची प्रत काढ आणि ती जिझिपने दाबून ठेव’ अशी ओळ घेऊ. प्रत काढणारी कमांड फसली तरी जिझिप आपले काम चोख करते आणि रिकाम्या मजकुराची २० बाइटची फाइल तयार होते. पाइपचा निकाल शेवटच्या कमांडवर ठरत असल्याने शेलच्या मते सर्व यशस्वी. ‘पाइपफेल’ हवे ते याचसाठी. त्याशिवाय बॅकअप फाइलचे वय आणि आकार रोज तपासणारी एक वेगळी स्क्रिप्ट असावी. ‘अपयश आले तर कळवा’ यापेक्षा ‘यश दिसले नाही तर कळवा’ ही रचना भक्कम ठरते, कारण बिघडलेली यंत्रणा आपले अपयश कळवेलच असे नाही.

हाच धडा चित्रपटसृष्टीला १९९८ मध्ये मिळाला होता. पिक्सार स्टुडिओत ‘टॉय स्टोरी २’चे काम सुरू असताना कोणीतरी प्रकल्पाच्या फोल्डरवर ‘आरएम’ चालवले. पडद्यावरून वुडी या पात्राची टोपी गेली, मग बूट गेले. यंत्राची तार उपटेपर्यंत सुमारे ९० टक्के काम पुसले गेले होते. बॅकअपही सदोष निघाला. तांत्रिक दिग्दर्शक गॅलिन सुसमन बाळंतपणानंतर घरून काम करत असल्याने त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची प्रत होती. तो संगणक ब्लँकेटमध्ये गुंडाळून मोटारीतून स्टुडिओत आणला गेला. बॅकअपचा ‘३-२-१’ हा प्रचलित नियम असे योग नशिबावर सोडत नाही: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातील एक दुसऱ्या ठिकाणी.

गिटलॅब सावरले कसे?

तिथेही योगायोगच मदतीला आला. त्याच अभियंत्याने चाचणीच्या कामासाठी अपघाताच्या सुमारे सहा तास आधी डेटाबेसची प्रत हाताने घेऊन ठेवली होती. ती संथ डिस्कवरून कॉपी व्हायलाच अनेक तास लागले. सेवा जवळपास १८ तास बंद राहिली. कंपनीने दुरुस्तीचे काम यूट्यूबवर थेट दाखवले. मधल्या सहा तासांतील डेटा कायमचा गेला. कंपनीच्या अंदाजानुसार सुमारे पाच हजार प्रकल्प, पाच हजार शेरे आणि ७०० नवी खाती त्यात होती.

कंपनीने नंतर प्रसिद्ध केलेल्या अहवालात अभियंत्याचे नाव न घेता घटनाक्रम मांडला आणि प्रत्येक टप्प्यावर ‘हे का घडू शकले?’ असा प्रश्न विचारला. चुकीची कमांड देणारा एक होता. पण बॅकअप परत आणून पाहण्याची जबाबदारी कोणा एकावर ठरवून दिलेलीच नव्हती, हे त्या अहवालाने मान्य केले. त्यानंतर बॅकअप आपोआप परत आणून तपासण्याची व्यवस्था उभी करण्याचे काम हाती घेण्यात आले.

सर्व्हर एक असो वा हजार, याच कामापासून सुरुवात करता येते. या आठवड्यात कालच्या बॅकअपमधील एक फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये परत आणावी, ती उघडून पाहावी आणि त्याला किती वेळ लागला ते लिहून ठेवावे. फाइल उघडली नाही, तर बॅकअप दुरुस्त करायला अजून वेळ हाताशी आहे.